घर तपासणाऱ्याची पात्रता कशी तपासायची?

बेळगावात घर विकत घेताना आपण कागद पाहणाऱ्या वकिलांना पैसे देतो, व्यवहार जुळवणाऱ्या एजंटाला देतो आणि मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनाही यथाशक्ती दक्षिणा देतो. भिंतीत ओल आहे का, स्लॅबचे लोखंड गंजले आहे का, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचली आहे का, हे पाहण्यासाठी मात्र ओळखीतला एखादा मेस्त्री रविवारी सकाळी चहाला बोलावला जातो. तो भिंतीवर दोन टिचक्या मारून ‘काम बरं आहे’ म्हणतो आणि आयुष्यभराच्या बचतीचा निर्णय त्या दोन टिचक्यांवर होऊन जातो.

माझ्या आतेभावाने वडगावात असेच एक घर एप्रिल महिन्यात पाहिले आणि अक्षय्य तृतीयेला इसार दिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आतल्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग उमटला आणि गणपतीपर्यंत तो कपाटाच्या उंचीला पोहोचला. शेजारच्या घराची भिंत आणि याची भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती, वरून तिला झाकण नव्हते आणि सगळा पावसाळा त्या फटीत उतरत होता. नंतर आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले की खूण एप्रिलमध्येही समोरच होती. संपूर्ण घराचा रंग जुना होता आणि तेवढी एकच भिंत नवी कोरी रंगवलेली होती. तिच्या पायथ्याशी स्कर्टिंगच्या वर ओलीबरोबर बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी पावडरही दिसत होती. आम्ही चौघे जण त्या भिंतीला टेकून किमतीची घासाघीस करत होतो. एकच भिंत का रंगवली, हा प्रश्न ज्याला त्या क्षणी सुचतो, त्याला घरतपासनीस म्हणतात, आणि तो प्रश्न सुचण्यासाठी माणसाला काय शिकवावे लागते, हा या लेखाचा विषय आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. घरतपासनीस म्हणजे होम इन्स्पेक्टर. तो घराची किंमत ठरवत नाही, कारण ते काम व्हॅल्युअरचे आहे. तो मालकी हक्क पाहत नाही, कारण ते वकिलाचे काम आहे. आणि इमारत किती भार सोसेल याचे गणितही तो मांडत नाही, कारण त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो. त्याचे काम फॅमिली डॉक्टरसारखे असते. घराच्या पायापासून कौलांपर्यंत आणि मीटरपासून संडासाच्या चेंबरपर्यंत जे डोळ्यांना दिसते आणि हाताला सहज लागते, ते सगळे ठरलेल्या क्रमाने पाहायचे, जिथे बिघाडाची खूण आहे ती लेखी नोंदवायची आणि गरज असेल तिथे पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे, एवढीच त्याची मर्यादा. ही मर्यादा कळणे हाच प्रशिक्षणाचा निम्मा भाग आहे, असे माझे मत आहे.

भारतात या कामासाठी कायद्याने ठरवलेला स्वतंत्र परवाना नाही. म्हणजे उद्या टिळकवाडीत कोणी ‘होम इन्स्पेक्टर’ अशी पाटी लावली, तर त्याला ‘तुमचा परवाना दाखवा’ असे म्हणण्याची सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे जिथे हा व्यवसाय जुना आहे तिथे पात्रता कशी मोजतात, हे आधी पाहिले पाहिजे, म्हणजे आपल्याकडच्या पाटीमागे काय आहे ते विचारण्यासाठी हातात माप येते.

अमेरिकेत ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ ही संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि तपासणीत किमान काय पाहिलेच पाहिजे याचे मानक तिने घालून दिले. पुढे अनेक राज्यांनी परवान्याचे कायदे केले, पण सगळीकडे नियम एकसारखे नाहीत. न्यूयॉर्क राज्याचा नियम समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात काय मागितले आहे यापेक्षा काय मागितलेले नाही हे जास्त बोलके आहे. तिथे अर्जदाराने इंजिनिअर असावे अशी अट नाही; आपल्या बारावीच्या पातळीचे शालेय शिक्षण पुरते. मात्र त्याने १४० तासांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यातले ४० तास परवानाधारक तपासनीसाच्या थेट देखरेखीखाली, प्रत्यक्ष घरांत घालवावे लागतात. हा मार्ग नको असेल तर दुसरा खुला आहे: परवानाधारकाच्या उपस्थितीत, त्याच्या देखरेखीखाली किमान १०० घरे तपासायची. त्यानंतर लेखी परीक्षा, आणि परवाना मिळाल्यावरही दर २ वर्षांनी २४ तासांचे पुढचे शिक्षण. पदवीपेक्षा पाहिलेल्या घरांची संख्या आणि ती पाहताना शेजारी उभा असलेला जाणकार माणूस, यांना या नियमाने जास्त वजन दिले आहे. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. पदवी दिसली की आपण पुढचे काही विचारत नाही.

परीक्षेचेही तसेच. तिथल्या बहुतेक परवाना देणाऱ्या राज्यांत ‘नॅशनल होम इन्स्पेक्टर एक्झामिनेशन’ ही परीक्षा चालते. ४ तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. त्यातले २५ प्रश्न गुणांत धरले जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी पारखून पाहिले जात असतात, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. निकाल २०० ते ८०० या पट्टीवर लागतो आणि ५०० ला उत्तीर्ण धरतात. प्रश्नांचा मोठा भाग इमारतीबद्दल असला, तरी दिसलेल्या खुणेचा अर्थ कसा लावायचा, अहवाल कसा लिहायचा आणि व्यावसायिक जबाबदारी कुठवर, यांवरही प्रश्न असतात. वर सांगितलेल्या ‘अमेरिकन सोसायटी’त प्रमाणित तपासनीस म्हणून मान मिळवायचा असेल, तर परीक्षेबरोबरच मोबदला घेऊन केलेल्या २५० तपासण्या दाखवाव्या लागतात.

सगळीकडे परवाना आहेच असे मात्र नाही. आपल्यासारखीच कॅलिफोर्नियातही परवान्याची अट नाही, तरी तपासणी म्हणजे काय आणि तपासनीसाने काय करू नये, हे कायद्याने सांगून ठेवले आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००९ मध्ये परवाना सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियात खरेदीपूर्व तपासणीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय मानक आहे, आणि ब्रिटनमध्ये हे काम सर्व्हेअर मंडळी तीन पातळ्यांवर करतात: वरवरची पाहणी, मधली आणि सखोल. पद्धती वेगळ्या असल्या तरी वर्गातले शिक्षण, जाणकाराच्या हाताखालचा सराव, परीक्षा, लेखी कार्यकक्षा आणि हितसंबंधांवरची बंदी यांचीच जुळवाजुळव कमीअधिक प्रमाणात सगळीकडे दिसते.

यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. अमेरिकन संस्थेच्या आचारसंहितेनुसार तपासनीसाने ज्या घराची तपासणी केली, त्या घरातली तपासणीच्या कक्षेत येणारी दुरुस्ती त्याने पुढचे एक वर्ष मोबदला घेऊन करायची नाही, आणि गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल एजंटाला कमिशन द्यायचे नाही. कारण उघड आहे. दुरुस्तीचे काम ज्याला मिळणार आहे त्याला घरात दोष जास्त दिसतात, आणि एजंटाकडून ज्याला पुढची कामे हवी आहेत त्याला कमी दिसतात. आपल्याकडे ‘मोफत तपासणी’ करून देणारा बहुधा वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक खिशात घेऊनच आलेला असतो.

भारतात याच्या जवळची, कायद्याने बांधलेली पात्रता पाहायची असेल तर ती नोंदणीकृत मूल्यांकनकाराची. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार ‘जमीन आणि इमारत’ या वर्गात नोंदणी हवी असेल, तर स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला (आर्किटेक्चर) किंवा नगररचना यांतली पदवी आणि ५ वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर शिक्षण असेल तर ३ वर्षांचा; त्यावर ५० तासांचे शिक्षण आणि परीक्षेत ६० टक्के. म्हणजे घराची किंमत सांगणाऱ्यासाठी आपण चौकट उभी केली आहे, पण घराची तब्येत सांगणाऱ्यासाठी नाही. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे घर तपासून झाले, ही समजूत याच कारणाने घातक आहे. तो बँकेचे कर्ज वसूल होईल का हे पाहायला आलेला असतो, आणि त्याला तुमच्या बाथरूममधली गळती शोधायचे काम कोणी दिलेले नसते.

मग आपल्या भागातल्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने हे काम शिकायचे ठरवले तर कुठून सुरुवात करावी? पाया म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीची ३ वर्षांची पदविका किंवा ४ वर्षांची पदवी सोयीची पडते, आणि विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावात असल्यामुळे त्यासाठी दूर जावे लागत नाही. भारतीय मानक ब्युरोची मानके ऑनलाइन विनामूल्य मिळतात. त्यांपैकी काँक्रीटचे आयएस ४५६, वायरिंगचे आयएस ७३२, अर्थिंगचे आयएस ३०४३ आणि वाळवी-प्रतिबंधाचे आयएस ६३१३ ही तरी हाताखालची असावीत. परदेशी संघटनांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही घेता येतात, आणि क्रमाने पाहण्याची, फोटो काढून नोंदवण्याची शिस्त त्यांतून चांगली लागते. पण त्यांची उदाहरणे लाकडी सांगाड्याच्या घरांची, तळघरातल्या भट्टीची आणि डांबरी शिंगलच्या छपरांची असतात. खानापूरच्या कौलारू घराच्या आढ्यावर चढल्यावर त्यातले फारसे काही उपयोगी पडत नाही. आपल्या भागाचा अभ्यासक्रम आपल्यालाच रचावा लागेल, आणि तो चांगलाच भरगच्च आहे.

पहिली गोष्ट जमीन. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत, तांबडी माती आणि जांभा आहे. पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडे सरकत गेले की काळी माती लागते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि उथळ पायाचे घर तिच्याबरोबर वर-खाली होते. कडेची माती आधी वाळते, म्हणून घराचा कोपरा आधी खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांची भेग निघते. शिकाऊ तपासनीसाने इथे एक साधा प्रश्न विचारायला शिकावे: दार कधी अडकते? फक्त पावसाळ्यात अडकत असेल तर बहुधा लाकूड फुगले आहे. पण भर उन्हाळ्यात अडकत असेल आणि वरच्या लिंटेलजवळ, म्हणजे दारावरच्या आडव्या पट्टीजवळ भेग असेल, तर संशय पायाकडे न्यावा. स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथली आडवी, सरळ, केसासारखी भेग ही गोष्ट वेगळी; ती पुष्कळदा उन्हाने स्लॅब ताणल्यामुळे येते, आणि तिला पाहून घर सोडून पळायचे कारण नसते. भेग दिसणे कोणालाही जमते; भेगांची जात ओळखायला किती घरे पाहावी लागतात, हे न्यूयॉर्कच्या १०० या आकड्यावरून कळावे.

पश्चिमेकडचे दुखणे पावसाचे. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, ओल अडवणारा थर नसलेल्या जोत्यातून ओल वर चढते आणि वासे भिंतीत जिथे रोवलेले असतात, नेमकी तिथेच वाळवी व कूज लागते. तिथे टोकदार हत्याराने हलकेच टोचून पाहायचे असते. वरून रंग दिलेला वासा आतून बिस्किटासारखा निघालेला मी स्वतः पाहिला आहे. कौले बदलली आहेत का यापेक्षा पन्हाळाचे पाणी कुठे पडते, हे पाहणे महत्त्वाचे.

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही: घरातले यंत्रमाग. वर्षानुवर्षे खालच्या खोलीत माग चाललेले घर विकायला निघते तेव्हा माग निघून गेलेले असतात, पण फरशीत बोल्टांची बुजवलेली भोके, तेलाचे जुने डाग आणि थ्री-फेजची अर्धवट काढलेली वायरिंग मागे उरते. सततच्या हादऱ्यांनी भिंतींच्या सांध्यांत काय केले आहे, ते नव्या टाइल्सखाली दिसत नाही, म्हणून त्या खोलीचा इतिहास शेजाऱ्यांना विचारणे हासुद्धा तपासणीचाच भाग धरावा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठच्या गावांत ऑगस्ट २०१९ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते, हेही असेच विचारून घ्यायचे आणि मग त्या रेषेखालचा गिलावा आणि स्विचबोर्ड वेगळ्या नजरेने पाहायचे.

आरसीसी घरात शिकण्याचा मुख्य धडा लोखंडाचा. आयएस ४५६ नुसार साध्या परिस्थितीतही लोखंडावर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे, कॉलमला साधारण ४०. सेंट्रिंगच्या वेळी सळ्या फळीपासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक न लावता सळ्या फळीवरच टेकवल्या, तर हे आवरण नावापुरते राहते, ओल पोहोचते, लोखंड गंजून फुगते आणि खालचा गिलावा पापुद्र्याने सुटतो. छोट्या हातोडीने ठोकत गेले की पोकळ भाग आवाजावरून कळतो. काही जण इथे रिबाउंड हॅमर नावाचे यंत्र काढून आकडा सांगतात. ते यंत्र पृष्ठभागाचा कडकपणा मोजते, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला येऊ शकतो. हे माहीत नसताना यंत्र वापरणारा माणूस यंत्र नसलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्याचा. भूकंपाबाबतही तेच: आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि खाली नुसत्या कॉलमांवरचे पार्किंग असलेली इमारत दिसली तर तपासनीसाने तेवढी नोंद करावी, इमारत भूकंपात टिकेल की नाही, हा निकाल त्याने देऊ नये.

विजेच्या बाबतीत तपासनीस मीटरचे सील उघडत नाही, कारण तो अधिकार वीज कंपनीचा, म्हणजे हेस्कॉमचा, आणि वायरिंगला हातही लावत नाही, कारण ते काम परवानाधारक ठेकेदाराचे. पण तीन दिव्यांचा साधा सॉकेट टेस्टर प्रत्येक पॉइंटला लावणे आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबून तो खटकन पडतो का हे पाहणे, एवढे त्याला आलेच पाहिजे.

अनगोळचा एक पदविकाधारक मुलगा एका निवृत्त इंजिनिअरांबरोबर गेले दीड वर्ष घरे पाहत हिंडतो आहे. एकदा त्यांच्याबरोबर मीही गेलो होतो. त्याच्याकडे हिशेबाची लांब वही आहे आणि प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. डावीकडे तो स्वतः काय पाहिले ते लिहितो, उजवीकडे त्याचे सर लाल शाईने दुरुस्ती करतात. ३७ व्या घराच्या पानावर त्याने लिहिले होते, ‘बाथरूममधून गळती आहे.’ सरांनी ते खोडून लिहिले होते: ‘बेडरूमच्या पूर्व भिंतीवर फरशीपासून सुमारे १ फुटापर्यंत ओल. भिंतीपलीकडे बाथरूम. नळजोडणीची दाब-चाचणी करून घ्यावी.’ पहिल्या वाक्यात निदान आहे, आणि ते चुकले तर तपासनीस अडकतो. दुसऱ्यात निरीक्षण, जागा आणि पुढची पायरी आहे. पैसे घेऊन दिलेली तपासणी ही सेवा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार होऊ शकते, हे त्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले होते.

अशा अहवालाचा घेणाऱ्याला आणखी एक उपयोग आहे. बिल्डरांच्या गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि तारखेचा, फोटोंसह लेखी अहवाल तिथे बाजू मांडायला उपयोगी पडतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना रेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्याकडे ‘आठच फ्लॅट’ असलेल्या इमारती इतक्या का दिसतात, याचा विचार वाचकांनी स्वतः करावा. तिथे ताब्याआधीची तपासणी जास्तच गरजेची.

तेव्हा तपासनीस नेमताना पदवीचा कागद पाहाच, पण त्याबरोबर त्याने कोणाच्या हाताखाली किती घरे पाहिली ते विचारा, जुन्या अहवालाचा नाव-पत्ता झाकलेला एखादा नमुना मागा, काय पाहणार आणि काय पाहणार नाही हे आधी लिहून घ्या, आणि दुरुस्तीचे काम तो स्वतः किंवा त्याचा मेव्हणा करतो का, हेही संकोच न करता विचारा. भाषेचेही ठरवून घ्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात असल्याने आपली जुनी कागदपत्रे मराठीत, काही तर मोडी लिपीत आहेत. नवे उतारे आणि मंजूर नकाशे कन्नडमध्ये येतात, आणि तांत्रिक अहवाल बहुधा इंग्रजीत. मंजूर नकाशात जिथे मोकळी जागा दाखवली आहे तिथे प्रत्यक्षात खोली उभी आहे, ही नोंद करायला तपासनीसाला कन्नड वाचता आले पाहिजे, आणि ती नोंद घरातल्या आजीलाही कळेल अशा मराठीत लिहिता आली पाहिजे.

अनगोळच्या त्या मुलाच्या वहीत परवापर्यंत ६४ घरे झाली होती. सर म्हणतात, सलग दहा घरांच्या पानांवर लाल शाई लागली नाही की मग त्याने एकट्याने जावे. सध्या हा आकडा तीनवर आहे.